मुहूर्ताचं बिल

करसवलतीच्या सरकारी योजनेसाठी पाहणीला आलेल्या साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि भिंतीकडे बोट केलं.

"ते काय आहे हो?"

मी वर बघितलं. लक्ष्मीचा फोटो, आणि त्याच्या शेजारी काचेच्या फ्रेममध्ये एक कागद. कागदावर कुंकवाची बोटं, वरून वाळलेला झेंडूचा हार.

"मुहूर्ताचं बिल आहे, सर," व्यंकटेश मोठ्या उत्साहानं म्हणाला. "दसऱ्याला पहिलं मशीन विकलं ना, त्याचं. आठवण म्हणून फ्रेम केलं."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. पण उशीर झाला होता. साहेब उठले, फ्रेमजवळ गेले, चष्मा कपाळावर ढकलून तारीख वाचली आणि मोबाईल काढून फोटो घेतला.

"तुमच्या अर्जात तर लिहिलंय, उत्पादन संक्रांतीच्या सुमाराला सुरू झालं," ते म्हणाले.

व्यंकटेशच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. मी कपाळाला हात लावायचाच काय तो बाकी ठेवला.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं छोटं ऑफिस आहे. माझी कामं बहुतेक टॉवेलवाल्यांची, दुकानदारांची, दोन-चार डॉक्टरांची. व्यंकटेशची कंपनी या सगळ्यांत वेगळी होती. त्याचे वडील आयुष्यभर यंत्रमागावर काम करत होते. मागावर सूत तुटलं आणि ते वेळेवर दिसलं नाही की टॉवेलमध्ये फट पडते आणि तो माल सेकंडमध्ये, म्हणजे पडत्या भावात, जातो. पोरगा इंजिनियर झाला आणि त्यानं एक छोटं यंत्र बनवलं. सूत तुटलं की माग आपोआप थांबतो आणि कामगाराच्या मोबाईलवर घंटी वाजते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भाड्याची शेड, आत सोल्डरिंग करणाऱ्या आठ-नऊ मुली, आणि हा एकटा मालक. घरी तेलुगू, कामावर मराठी, आणि घाबरला की दोन्हींची खिचडी.

आता योजना काय ते साध्या भाषेत सांगते. आपण काहीही विकत घेतलं की जीएसटी भरतो. त्यातला एक वाटा राज्याकडे येतो. छोट्या तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये लोकांनी पैसे गुंतवावेत म्हणून राज्य म्हणतं, तुम्ही नवा पैसा आणा, मशिनरी घ्या, माल बनवा. त्या मालावर राज्याचा जो कर तुम्ही भराल, तो आम्ही काही वर्षं तुम्हाला परत देऊ. गुंतवणूक करणाऱ्याला यातून आधार मिळतो. नव्या धंद्यात पहिली काही वर्षं नफा कुठला? पण हा परतावा येत राहिला की कंपनी तग धरते.

यात एक अट आहे. पैसा उत्पादन सुरू व्हायच्या आधी आलेला हवा. नाहीतर लोक चालू धंद्यात चार पैसे टाकतील आणि सवलत मागायला येतील. आणि उत्पादन कधी सुरू झालं हे ठरतं पहिल्या विक्रीच्या बिलावरून.

व्यंकटेशकडे पैसा आला होता दिवाळीनंतर. मशिनरी आली त्याच्याही नंतर. आणि पहिलं बिल होतं दसऱ्याचं. म्हणजे कागदावर काय दिसत होतं? उत्पादन आधी, गुंतवणूक मागाहून. सवलतीचा प्रश्नच नाही!

"पुढच्या सोमवारी ऑफिसला या," साहेब जाताना म्हणाले. "खुलासा असेल तर पुराव्यासकट आणा. नुसतं मुहूर्त होता म्हणून सांगू नका. योजनेत मुहूर्त हा शब्द नाही."

माणूस वाईट नव्हता. नियमानं चालणारा होता, एवढंच. पण त्या घटकेला मला त्यांचा भयंकर राग आला होता.

अर्ज मी भरलेला नव्हता, हे सांगते. तो व्यंकटेशनं स्वतःच ऑनलाइन भरून टाकला होता. पाहणीची तारीख आली तेव्हा घाबरून माझ्याकडे धावत आला. त्या बिलाचा शब्दसुद्धा काढला नव्हता त्यानं.

साहेबांची गाडी गेटबाहेर गेल्यावर मी त्याच्यावर जे काही बरसले, ते आतल्या मुलींनी कामं थांबवून ऐकलं.

"अरे, दसऱ्याला शेडमध्ये लाइटचं कनेक्शन तरी होतं का? बिल कशाला केलंस? पूजा करायची, नारळ फोडायचा, गप घरी जायचं!"

"आबा म्हणाले, मॅडम. मुहूर्ताला विक्री झालीच पाहिजे. ते स्वतः पहिलं गिऱ्हाईक झाले. एकशे एक रुपये दिले आणि म्हणाले, पक्कं बिल कर."

आबा म्हणजे ज्यांनी पैसा घातला होता ते. करकंबचे मोठे बागायतदार. रस्त्यात जमीन गेली, तिचे पैसे आले, आणि व्यंकटेश हा त्यांच्या पुतण्याचा कॉलेजातला मित्र. पुतण्याच्या शब्दावर त्यांनी पैसे घातले. पण करार पक्का करून घेतला होता. त्यात एक कलम होतं: सवलतीचं सर्टिफिकेट मिळालं नाही, तर आबा सगळे पैसे परत मागू शकतात. ते पैसे तर मशिनरीत गेलेले. परत द्यायचे म्हणजे मशिनरी विकायची, शेडला कुलूप लावायचं आणि मुलींना घरी पाठवायचं.

"आपण ते बिल कॅन्सल केलं तर?" व्यंकटेशनं विचारलं.

"त्याचं जीएसटी रिटर्न भरलंस ना?"

"हो."

"मग आता काय कॅन्सल करतोस? साहेबांकडे फोटो आहे, सरकारकडे रिटर्न आहे. कोणाच्या डोळ्यात धूळ फेकणार आहेस?"

तो हळूच म्हणाला, "साहेबांना कुणाकडून तरी सांगून बघायचं का?"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावलं. माझ्या डोक्यात रात्रभर एकच गोष्ट घोळत होती. दसऱ्याला याच्याकडे मशिनरी नव्हती, वीज नव्हती, माणसं नव्हती. मग आबांना विकलेलं यंत्र बनलं कुठं?

"घरी बनवलंस का? हातानं?"

"नाही."

"बाहेरून करून आणलंस?"

"नाही, मॅडम."

"मग काय आकाशातून पडलं?"

तो खाली बघून टेबलाची कड नखानं खरवडत राहिला. टेबल नवं आहे असं मी ओरडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "त्यात काही नव्हतं."

"म्हणजे?"

"नुसतं प्लास्टिकचं खोकं होतं. पुढं हिरवा दिवा, बॅटरीवर लागणारा. सर्किट तयारच झालं नव्हतं. मुहूर्त चुकला तर आबा पैसे देणार नाहीत अशी भीती वाटली. म्हणून वजन यावं एवढ्यासाठी आत नट-बोल्ट भरले."

मला आनंद झाला. हो, आनंदच! मी अक्षरशः टाळी वाजवली. व्यंकटेशला वाटलं, मॅडमचं डोकं फिरलं.

"अरे बाबा, माल नव्हताच, तर उत्पादन कसलं? बिल आहे, पण यंत्र नाही. यंत्र नाही म्हणजे उत्पादन सुरू झालेलं नाही. तुझी संक्रांतीची तारीख खरी ठरते!"

"मग सुटलो?"

"सुटला कुठं? न बनवलेल्या मालाचं बिल केलंस, म्हणजे खोटं बिल केलंस. ते लेखी कबूल करायचं. त्याचा दंड होईल, तो भरायचा. दंडानं कंपनी बुडत नाही."

"कबूल करतो. आत्ता लिहून देतो."

"तुझ्या एकट्याच्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवील? सवलत तुलाच हवी आहे. ते खोकं हवं. आणि ज्यानं घेतलं त्या माणसाची साक्ष हवी. खोकं कुठं आहे?"

हे विचारल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आबांच्या देवघरात," तो म्हणाला. "त्यांनी ते अजून उघडलेलं नाही. त्यांना वाटतं, आत पहिलं मशीन आहे."

माझा आनंद तिथंच संपला.

रविवारी सकाळी आम्ही करकंबला निघालो. ऊन रणरणत होतं. मोहोळवरून पंढरपूर आणि तिथून पुढं. गाडी मी चालवत होते. पंढरपूर मागं टाकल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगाल का त्यांना? तुमचं ऐकतील."

"मी? नट-बोल्ट मी भरले होते?"

करकंब येईपर्यंत तो काय बोलायचं ते पुटपुटत पाठ करत राहिला.

आबा ओट्यावरच बसले होते. सत्तरीच्या आसपासचा उंच, ताठ माणूस. "या की, या. मॅडम पैल्यांदाच आल्या आमच्याकडं. अगं, पाणी आण, सरबत आण," असं म्हणत त्यांनी आम्हाला आत नेलं. काकूंनी लिंबाचं सरबत दिलं. समोरच देवघर होतं. चौरंगावर टाक, समई, आणि त्यांच्या बाजूला ते प्लास्टिकचं खोकं, लाल फडक्यावर ठेवलेलं. वर ताजं फूल होतं. मी सरबताचा पेला खाली ठेवला.

पाहणीत काय झालं ते मी सांगितलं. बिलाची अडचण समजावली. आबांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी मी मुहूर्त करायला लावला त्येचा घोळ झाला म्हना की," ते म्हणाले. "मग आता?"

मी व्यंकटेशकडे बघितलं. तो उठला आणि उभा राहूनच बोलला. आवाज फाटत होता, पण सगळं बोलला. काहीही गाळलं नाही, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

आबा उठून देवघरात गेले, खोकं उचललं, वरचं फूल काढून देवापुढं ठेवलं आणि आमच्यासमोर येऊन स्क्रू काढायला बसले. शेवटचा स्क्रू निघाला तसे नट-बोल्ट खळखळत फरशीवर सांडले. एक घरंगळत काकूंच्या पायाशी गेला.

"रोज हळद-कुंकू वाहतीया मी ह्येला," काकू म्हणाल्या. मला ते ऐकवेना.

"आबा, मी..." व्यंकटेशनं सुरुवात केली.

"गप ऱ्हा." आबांनी एक बोल्ट उचलून हातात फिरवला. "रिकामं दिलं असतंस तर मी म्हनलो असतो, पोरगं गडबडीत हाय, तयार न्हाय झालं. मला सांगितलं असतंस तर मी म्हनलो असतो, खोक्याची पूजा करू, मशीन मागनं घालू. पर तू बोल्ट भरलंस. म्हंजी बसून, इच्यार करून, हातात तोलून बगून भरलंस. म्हाताऱ्याला कळाय नको म्हनून."

व्यंकटेश रडायला लागला. मी त्याला गप्प केलं नाही. रडावं असंच काम केलं होतं त्यानं.

"मॅडम," आबा माझ्याकडे वळले, "मी उद्या आलो न्हाय तर काय हुईल?"

खरं सांगते, इथं मी क्षणभर थांबले. माझा क्लायंट व्यंकटेश होता. पण समोरच्या माणसाला आधीच एकदा फसवलेलं होतं. त्याला अर्धवट सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही आला नाहीत तर सर्टिफिकेट मिळणार नाही," मी म्हणाले. "मग करारातल्या कलमानं तुम्ही सगळे पैसे परत मागू शकता. कंपनी विकून का होईना, बरेचसे मिळतील."

"आन आलो तर?"

"आलात आणि सर्टिफिकेट मिळालं, तर योजनेची अट अशी आहे की गुंतवणूक पाच वर्षं काढता येत नाही. तुमचे पैसे पाच वर्षं याच्या कंपनीत अडकले."

व्यंकटेशनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याचा गळा धरलाय.

"पाच वर्सं. ह्येच्यासंगट," आबा म्हणाले. मग उठले, नट-बोल्ट एकेक करून वेचले, परत खोक्यात घातले. "या तुमी. ऊन वाडायच्या आत निगा."

येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. जेवायचा आग्रहही झाला नाही. त्या घरात असं कधी घडलं नसेल.

परतीच्या वाटेवर व्यंकटेश भडकला. "तुम्ही त्यांना ते पाच वर्षांचं कशाला सांगितलंत? कोण येईल आता? त्यांचा पैसा सुटतोय की न येण्यानं!"

"तुला अजून कळलं नाही का तू काय केलंयस ते?" मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "त्यांच्यापासून अजून एक गोष्ट लपवायची होती का? सांग, लपवायची असेल तर मी इथंच उतरते, तू चालव."

तो म्हणाला, "चला, मॅडम."

सोमवारी आम्ही साहेबांच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलो होतो. वीज कंपनीचं पत्र, मशिनरीची बिलं, मुलींच्या पगाराची नोंद, सगळं मी आणलं होतं. दसऱ्याला शेडमध्ये काम होणं शक्य नव्हतं हे त्यातून दिसत होतं. पण साहेब म्हणणार, दुसरीकडे बनवलं असेल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्यंकटेश दर मिनिटाला जिन्याकडे बघत होता. मी त्याला ओरडले आणि स्वतःच जिन्याकडे बघायला लागले. आमचं नाव पुकारलं. आम्ही आत गेलो. आबा आले नव्हते.

मी कागद मांडले, बोलायला सुरुवात केली. साहेब मान हलवत ऐकत होते. आणि शेवटी तेच म्हणाले, "हे ठीक आहे. पण यंत्र दुसरीकडे बनवलं नसेल कशावरून?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि दारातून आवाज आला.

"येऊ का आत?"

आबा होते. खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. शिपाई मागून "अहो थांबा, थांबा" करत होता. त्यांनी व्यंकटेशकडे ढुंकूनही बघितलं नाही. पिशवीतून खोकं काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"ह्ये मी घेतलं. बिलावर नाव माजंच हाय. उगडून बगा."

साहेबांनी झाकण उचललं. आत बघितलं, मग आबांकडे बघितलं. "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"न्हाय. काल कळालं."

"म्हणजे यांनी तुम्हाला फसवलं."

"व्हय."

"तरी तुम्ही यांच्या बाजूनं साक्ष द्यायला आलात?"

"ह्येच्या बाजूनं कोन आलंय?" आबांचा आवाज चढला. "मला फशिवलं ही एक गोष्ट. ती मी बगीन. माल नव्हता, ही दुसरी गोष्ट. ती तुमी इचारताय. माल नव्हता. लिवून घ्या, मी सही करतो."

साहेबांनी लिहून घेतलं. मग व्यंकटेशकडून खोट्या बिलाची कबुली लिहून घेतली. बिलाचं प्रकरण आपण कर विभागाला कळवणार आणि दंड भरावा लागणार, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. उत्पादनाची तारीख मात्र संक्रांतीचीच धरायची शिफारस करतो, म्हणाले.

बाहेर आल्यावर व्यंकटेश आबांच्या पाया पडायला वाकला. आबा दोन पावलं मागं सरकले. "मॅडम, येष्टी स्टँडला सोडता का?" एवढंच म्हणाले.

गाडीत मला राहवलं नाही. "आबा, पैसे सुटत होते तुमचे. का आलात?"

"रातभर बायको बोलली न्हाय माज्याशी," ते म्हणाले. "सकाळी मी म्हनलं, जात न्हाय, पैसं काडून घेतो. तर ती म्हनली, त्या शेडात पोरी कामाला हायत, त्येंनी कुटं बोल्ट भरलं? मग काय करता?"

दंड भरला. काही आठवड्यांनी सर्टिफिकेट आलं. जीव भांड्यात पडला. फ्रेम व्यंकटेशनं स्वतःच उतरवली, आता तिथं वीज कंपनीचं पत्र लावलंय म्हणे. लावो बापडा.

नवीन धंदा काढणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिल्याच भेटीत सांगते. मुहूर्त करा, नारळ फोडा, पेढे वाटा, मलाही पाठवा. पण माल तयार होईपर्यंत बिल करू नका. आणि पैसे घालणाऱ्याला यंत्र तयार नाही हे सांगायचं असेल, तर त्याच दिवशी सांगा. सरकार करात सूट देतं. बाकी कशात सूट देणं त्याच्या हातात नाही.

आबा अजून व्यंकटेशशी बोलत नाहीत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन मला करतात. "त्येला इचारा, किती मशिनं गेली. त्येला सांगा, पोरींचा पगार येळंवर कर."

परवा मी वैतागले. म्हटलं, "आबा, मी काय तुमची पोस्टमन आहे? तुम्हीच करा की त्याला फोन!"

पलीकडून आधी खाकरल्याचा आवाज आला.

"करीन की कवातरी," ते म्हणाले. "पाच वर्सं हायत."